एंटेबेत एकच दिवस हाताशी असेल तर: सकाळी माबांबा, दुपारनंतर बोटॅनिकल गार्डन

प्रश्न थोडक्यात असा आहे: चौघं जण, त्यातले दोघं साठीच्या पुढचे, युगांडातली पुढची सफारी सुरू होण्याआधी एंटेबेत एक पूर्ण दिवस मोकळा. शूबिल, म्हणजे बुटासारख्या जाड चोचीचा मोठा करडा पाणपक्षी, बघायचाच आहे, जमल्यास बागेतले पक्षीही. गाइड घ्यावा का, किती वाजता निघावं, आणि ‘शूबिल शंभर टक्के दिसतो’ या जाहिरातीवर किती विश्वास ठेवावा?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू. शंभर टक्के असं काही नसतं, पण माबांबाच्या दलदलीत शूबिल दिसण्याची शक्यता खरोखरच चांगली असते. खरी अडचण वेगळीच आहे. बरेच लोक शूबिल ‘बघून’ येतात, म्हणजे पाच मिनिटं थांबतात, चार फोटो काढतात, होडी जास्त जवळ नेतात, पक्षी उडतो आणि सगळे परततात. हा पक्षी तासन् तास एका जागी उभा राहून शिकार करतो, त्यामुळे तो सापडल्यावर तुम्ही किती वेळ शांत बसू शकता यावर सगळा दिवस ठरतो. म्हणून दिवसाची आखणी करताना सकाळचे साडेतीन-चार तास फक्त दलदलीला द्या. बागेला उरलेला वेळ पुरतो.

हाच क्रम का, तेही सांगायला हवं. एंटेबे जवळजवळ विषुववृत्तावरच आहे. वर्षभर सूर्य सकाळी पावणेसात-सातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सातच्या आसपास मावळतो. अकरानंतर दलदलीत सावली नावाला नसते, पाण्यावरून ऊन परत तोंडावर येतं, आणि हवा तापली की शूबिल वर चढणाऱ्या गरम हवेवर घिरट्या घालत लांब निघून जाऊ शकतो. बागेत मात्र मोठी झाडं आहेत, दुपारी साडेतीननंतर पक्षी पुन्हा हलू लागतात, आणि ती शहरातच असल्यामुळे रात्रीचं विमान असलं तरी धावपळ होत नाही. उलटा क्रम लावला की दोन्हीकडचं हातचं जातं.

माबांबा व्हिक्टोरिया सरोवराच्या उत्तर-पश्चिम काठावर, एंटेबेच्या द्वीपकल्पाच्या पश्चिमेला आहे. 2006 मध्ये तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला; क्षेत्र साधारण 2,400 हेक्टर. तिथे जायचे दोन मार्ग आहेत. पहिला, एंटेबेतल्या नाकिवोगो धक्क्यावरून मोटरबोटीने थेट. पाऊण तास ते एक तास. दुसरा, गाडीने वळसा घालून कासांजेमार्गे माबांबाच्या धक्क्यावर आणि तिथून होडी; रस्त्याच्या अवस्थेनुसार दीड ते दोन तास, शेवटचा भाग मातीचा. बोटीने वेळ वाचतो, पण मधला पट्टा उघड्या सरोवराचा आहे. वारा असला की लाटा अंगावर येतात, आणि मणक्याचा त्रास असणाऱ्यांना तासभराचे दणके सोसत नाहीत. तुमच्यातल्या दोघांचा विचार करता गाडीचा मार्ग बरा. पहाटे साडेपाचला निघा. साडेसात-पावणेआठला होडीत बसलेले असाल.

हवामानाची एक गोष्ट इथे नवख्यांना चकवते. आपल्याकडे वळीव दुपारनंतर येतो, म्हणून सकाळ सुरक्षित असं आपण गृहीत धरतो. व्हिक्टोरिया सरोवरावर रात्री जमीन थंड होते, पाणी गरम राहतं, त्यामुळे वादळी ढग रात्री सरोवरावरच तयार होतात आणि एंटेबेच्या बाजूला पहाटे किंवा सकाळी बरसतात. तेव्हा सहाला जोरदार पाऊस दिसला म्हणून बेत रद्द करू नका; बऱ्याचदा तास-दीड तासात उघडतं, आणि पावसानंतर पक्षी अंग वाळवायला पपायरस या उंच पाणगवताच्या शेंड्यावर येऊन बसतात. मात्र विजा चमकत असताना पाण्यावर जायचं नाही, नावाडी ‘चालेल’ म्हणाला तरीही. तुलनेने कोरडे महिने डिसेंबर ते फेब्रुवारी आणि जून ते ऑगस्ट. मार्च ते मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपासून नोव्हेंबरपर्यंत पाऊस अधिक. शूबिल बाराही महिने तिथेच असतो, फक्त पाण्याची पातळी बदलली की त्याच्या उभं राहायच्या जागा बदलतात.

गाइड घ्यावा का? घ्यावाच, आणि धक्क्यावरचा स्थानिकच. एंटेबेहून सोबत आलेला ड्रायव्हर-गाइड कितीही चांगला असला तरी काल संध्याकाळी पक्षी कोणत्या वाटेवर होता हे दलदलीत रोज फिरणाऱ्यालाच माहीत असतं. पपायरसचे ताटवे तरंगते असतात. रात्री वारा सुटला की ते सरकतात, काल मोकळी असलेली पाण्याची वाट आज बंद झालेली असते. पूर्वी इथले कोळी शूबिल दिसला की जाळ्यात मासा येणार नाही असं मानत आणि त्याला मारत. पक्षी बघायला येणाऱ्यांच्या पैशातून गावात रोजगार आला तसं ते थांबलं. गाइडची फी ही या व्यवस्थेचा भाग आहे, तिथे घासाघीस करण्यात अर्थ नाही.

होडीबद्दल ठरवताना बारकावे बघा. लाकडी, लांबट, उथळ होडी असते. मागे छोटं इंजिन आणि सोबत लांब काठी. भाडं सहसा होडीमागे असतं. पैसे वाचवायला चौघं, गाइड आणि नावाडी अशी सहा माणसं एका होडीत कोंबू नका. भार वाढला की होडी खाली बसते, उथळ वाटेवर चिखलात रुतते, आणि मग काठीने ढकलताना जो गोंधळ होतो त्यात पक्षी उडतो. दोघं-दोघं अशा दोन होड्या घ्या. बसायला नुसती फळी असते, म्हणून हॉटेलातली उशी किंवा घडी केलेला टॉवेल न्या. चढताना होडीच्या मधोमध पाय ठेवायचा, कडेवर नाही. आधी बसायचं, मग सामान हातात घ्यायचं. लाइफ जॅकेट अंगात घालून पट्टे ओढून बघा. बकल तुटलेलं जॅकेट धक्क्यावर बदलून मिळतं, मधल्या पाण्यात नाही. शौचालयाचं काम धक्क्यावरच उरकून घ्या. आणि पाण्यात हात-पाय सोडून बसू नका: व्हिक्टोरिया सरोवराच्या काठच्या पाण्यात बिल्हार्झियाचे जंतू असतात, ते त्वचेतूनच आत शिरतात.

आता मुख्य पक्षी. शूबिल साधारण 110 ते 140 सेंटिमीटर उंच, वजन चार ते सात किलो, पंखविस्तार सव्वादोन ते अडीच मीटर. पाठ्यपुस्तकातल्या चित्रांमुळे तो लांबूनच ओळखू येईल असं वाटतं, पण तो हलत नाही ही खरी गोम आहे. चोच छातीला टेकवून उभा असलेला पक्षी शंभर मीटरवरून करड्या खुंटासारखा दिसतो. म्हणून दुर्बिणीने पपायरसच्या उंच भिंतीऐवजी तिच्या पुढचा आखूड गवताचा आणि तरंगत्या पानांचा पट्टा चाळायचा. पपायरस चार-पाच मीटर वाढतो, आपल्या लव्हाळ्याच्याच कुळातला. त्याच्या आत पक्षी असला तर दिसणारच नाही.

तो तिथे का उभा असतो हे कळलं की शोधणं सोपं जातं. त्याचं आवडतं खाणं लंगफिश. दलदलीच्या पाण्यात प्राणवायू कमी, आणि या माशाला श्वास घ्यायला पृष्ठभागावर यावंच लागतं. मासा वर येईल अशा मोकळ्या पाण्याच्या कडेला शूबिल टपून बसतो. वार करताना तो बगळ्यासारखी मान झटकत नाही, सगळं अंगच पुढे झोकून देतो. पंख उघडे, डोकं पाण्यात, तोंडात मासा आणि सोबत मूठभर शेवाळ-गवत. मग चोच हळूहळू डावी-उजवीकडे हलवून गवत बाहेर टाकतो, चोचीच्या धारदार कडांनी माशाचं डोकं बहुधा तोडतो आणि मग गिळतो. हे सगळं बघायला मिळालं तर दोन मिनिटांचा खेळ असतो, पण त्याआधी तासभर काहीच घडलेलं नसतं. बसायची तयारी असलेल्यांनाच ते दिसतं.

अंतराचा नियम: इंजिन शंभर मीटर आधी बंद, पुढे फक्त काठी, आणि पंचवीस-तीस मीटरच्या आत जायचं नाही. पक्षी अस्वस्थ झाला हे कळण्याच्या खुणा क्रमाने येतात. छातीला टेकलेली चोच वर उचलतो, मान वळवून दोन्ही डोळ्यांनी होडीकडे रोखून बघतो, पाय बदलतो, विष्ठा टाकतो. तिसरी खूण दिसली की मागे सरका, चौथीनंतर बहुतेक उडतोच. उडाला की त्या सकाळची त्याची मेहनत वाया गेली आणि तुमच्या मागून येणाऱ्या होड्यांचीही. दुसरी होडी आधीच थांबलेली असेल तर तिच्या शेजारी लागायचं. पक्ष्याला दोन्ही बाजूंनी घेरायचं नाही. मासा टाकून त्याला जवळ बोलावण्याचा प्रस्ताव कुणी मांडला तर सरळ नाही म्हणा. हा पक्षी जागतिक पातळीवर संकटग्रस्त यादीत आहे, दोन अंडी घातली तरी सहसा एकच पिल्लू जगतं. घरट्याजवळ नेण्याचा आग्रह धरू नये, हे वेगळं सांगायला नको.

उडताना दिसला तर मान आखडलेली असते, करकोच्यासारखी पुढे ताणलेली नाही. लांबून मोठा करडा पक्षी जाताना दिसला आणि गोलायथ बगळा की शूबिल असा वाद झाला, तर चोचीची जाडी बघा आणि वाद मिटवा.

शूबिलच्या नादात बाकीच्यांकडे दुर्लक्ष होतं, ते करू नका. महाराष्ट्रात पाणथळी फिरलेल्यांना इथे अर्धे पक्षी ओळखीचे वाटतील. कवड्या खंड्या, जांभळा बगळा, मोर शराटी हे अगदी आपलेच. नोव्हेंबर ते मार्चमध्ये ठिपकेवाली तुतारी आणि माळभिंगरीही, उत्तरेकडून आलेल्या. कमळपक्ष्याचा आफ्रिकी भाऊ पानापानावर दिसेल. त्याच्याच आसपास अगदी छोटा, चिमणीपेक्षा जरासा मोठा लेसर जकाना शोधा. गाइडला आधी सांगून ठेवलंत तरच तो थांबेल, कारण बहुतेक गिऱ्हाइकांना त्याचं काही नसतं. लांब बोटांची टिटवी, आफ्रिकन पिग्मी गूज, निळ्या छातीचा वेडा राघू, मॅलाकाइट खंड्या, दलदली माशीमार हे सहज मिळतात. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेकडून येणारी निळी भिंगरी (तीही संकटग्रस्त) गवताळ पट्ट्यावर उडताना दिसू शकते.

पपायरस गोनोलेक ऐकू येतो, दिसत मात्र फार कमी. नर-मादी एकापाठोपाठ एक असे जोडीने बोलतात, आणि आवाज एकाच पक्ष्याचा वाटतो. पिवळा माथा, लालसर छाती आणि पंखावर पांढरी पट्टी ही त्याची ओळख. बागेत दिसणाऱ्या काळ्या डोक्याच्या गोनोलेकची छातीही लालच, पण माथा काळा आणि पंखावर पांढरं काही नाही. मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बाहेर काढायचा मोह आवरा. रोज दहा होड्यांनी तेच केलं तर तो त्याची जागा सोडतो.

साहित्य मोजकं ठेवा. दुर्बीण 8x42, होडी हलते तेव्हा 10x मध्ये चित्र स्थिर राहत नाही. टेलिस्कोप होडीत निरुपयोगी, बागेत उपयोगी. कॅमेऱ्याला 100-400 झूम लेन्स ही न बदलणाऱ्या 600 प्राइमपेक्षा शहाणपणाची, कारण वाट अरुंद असते आणि पक्षी कधीकधी फ्रेममध्ये मावत नाही. ट्रायपॉड नको, इंजिनाची थरथर त्यातून थेट कॅमेऱ्यात जाते. उभ्या पक्ष्याला 1/500 पुरतं, उडत्याला 1/2000 ठेवा. मागे चकाकणारं पाणी असेल तर करडा पक्षी काळपट येतो. एक्स्पोजर अर्धा स्टॉप वाढवा. पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन ॲपचा युगांडाचा पॅक घरूनच डाउनलोड करा. माणशी दीड लिटर पाणी, हनुवटीखाली बांधायचे बंद असलेली टोपी, पूर्ण बाह्यांचा फिक्या मातकट रंगाचा शर्ट, फोन-पासपोर्टसाठी पाणी न शिरणारी पिशवी. सरोवराची उंची 1,130 मीटरच्या वर आहे, हवा गार लागते आणि ऊन कळत नाही. हाताची पाठ आणि कानांची टोकं आधी भाजतात.

अकराच्या सुमारास परतीला लागा. धक्क्याजवळ किंवा वाटेत ‘रोलेक्स’ मिळतो: अंड्याचं ऑम्लेट चपातीत गुंडाळलेलं. चपाती तिकडे आपल्याच लोकांनी नेली, नावही तेच आहे. शाकाहारींसाठी मातोके, म्हणजे वाफवून कुस्करलेली हिरवी केळी, आणि शेंगदाण्याची आमटी. रस्सा मांसाचा नाही ना, हे विचारून घ्या. एक ते तीन विश्रांती. ज्येष्ठांनी ती टाळू नये.

एंटेबे बोटॅनिकल गार्डन 1898 मध्ये सुरू झालं, सुमारे 40 हेक्टर, सरोवराकडे उतरत जाणारं. वरच्या फाटकातून शिरून थेट पाण्यापर्यंत उतरायचं आणि संध्याकाळी चढत परत यायचं, अशी सगळ्यांची सवय. गुडघे दुखत असतील तर गाडी खालच्या बाजूला बोलावून ठेवा.

आधी फळं लागलेला अंजीर कुळातला मोठा वृक्ष शोधा आणि त्याखाली वीस मिनिटं थांबा. झाडाझाडामागे धावण्यापेक्षा जास्त पक्षी मिळतात. ग्रेट ब्लू टुराको हा पाऊण मीटरचा निळा-पिवळा पक्षी उडण्यात सुमार, पण फांद्यांवरून खारीसारखा धावतो. रॉस टुराको जांभळट-काळा, पिवळ्या चोचीचा; उडाला की पंखात गर्द लाल दिसतं. तो लाल रंग तांबं असलेल्या रंगद्रव्याचा असतो, टुराकोंच्या कुळाबाहेर असं रंगद्रव्य आढळत नाही. काळ्या-पांढऱ्या धनेशाच्या पंखांचा फस-फस आवाज आधी येतो, पक्षी नंतर. पाम-नट गिधाड तेलताडाच्या फळांवर जगतं, म्हणून मेलेल्या जनावराऐवजी ताडाचे घोस बघा. दाट पानोळ्यात दिवसा झोपलेला बॅट हॉक स्थानिक गाइडला ठाऊक असेल तर विचारा.

सुगरणी इथे सर्वांना गोंधळात टाकतात. पाण्याकाठच्या झाडांवर चार-पाच जाती एकत्र असतात. क्रम असा लावा: संपूर्ण काळा आणि पिवळा डोळा, तर व्हिएयो. काळं डोकं, लाल डोळा, पाठ सोनेरी आणि पोट तपकिरी, तर गोल्डन-बॅक्ड. चेहरा काळा पण चोच बारीक, शिंजिराच्या वळणाची, तर स्लेंडर-बिल्ड. पिवळा आणि गळ्यावर फक्त तपकिरी डाग, तर नॉर्दर्न ब्राउन-थ्रोटेड. नारिंगी झाक आणि डोळ्यापुढे जेमतेम काळा ठिपका, तर ऑरेंज वीव्हर. हा सरोवराच्या अगदी काठाला. मादींच्या वाटेला पहिल्याच दिवशी जाऊ नका.

बागेतल्या जंगलाच्या तुकड्यात पँट मोज्यात खोचा. सफारी मुंग्यांची रांग पायाखाली आली तर त्या वर चढेपर्यंत कळत नाही, आणि मग एकदम चावतात. सरोवरावरून धुरासारखे ढग येताना दिसले तर त्या लेक फ्लाय नावाच्या बारीक माश्या. चावत नाहीत, पण तोंडात जातात. माकडांपुढे खाण्याची पिशवी उघडू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात. युगांडाचा ई-व्हिसा 50 डॉलर, निघण्याआधी ऑनलाइन. पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड तिथे उतरताना लागतंच, आणि भारतात परतताना नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन होऊ शकतं. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, मुंबई-पुण्यातल्या अधिकृत केंद्रावरच, आणि तिथे आधी तारीख घ्यावी लागते. साठीच्या पुढे ही लस पहिल्यांदाच घेताना गंभीर त्रासाची शक्यता थोडी वाढते, अंड्याची ॲलर्जीही आड येते. दोघा ज्येष्ठांनी डॉक्टरांशी बोलून मगच तिकीट काढावं. मलेरियाच्या गोळ्यांचं त्याच भेटीत विचारा. डॉलरच्या नोटा नव्या मालिकेच्या आणि न दुमडलेल्या. जुन्या नोटा नाकारतात, छोट्या नोटांना भाव कमी देतात. होडी आणि गाइडला शिलिंगच द्या.

गाइड ठरवताना फोनवर हे विचारा: इंजिन कुठे बंद करता, होडीत किती माणसं, जॅकेट कोणत्या मापाची, आणि दहापर्यंत शूबिल नाही दिसला तर काय करता? शेवटच्याला ‘दिसेलच’ असं उत्तर आलं तर दुसरा गाइड बघा. चांगला गाइड सांगेल की माबांबातली दुसरी वाट घेऊ, नाहीतर जवळच्या माकानागा दलदलीकडे वळू. तिथेही नाही दिसला तर पुढच्या सफारीत मर्चिसन फॉल्स राष्ट्रीय उद्यान असेल, तर नाइलच्या त्रिभुज भागातली होडी आत्ताच बुक करून ठेवा. तो भागही शूबिलसाठी भरवशाचा आहे. एंटेबेच्या प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यातला शूबिल आहे, बारकाईने बघायला उत्तम, फक्त पाहिलेल्या पक्ष्यांच्या यादीत धरू नका.